हिंदू संहिता विधेयक ते मुलीचा हिस्सा : दोन मंत्री, चार कायदे

(मंडळाच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात सीमाप्रश्नावर बोलणे निघाले की एक नाव हमखास येते, ते म्हणजे पाटसकर. खेडे हा घटक धरावा, भौगोलिक सलगता पाहावी आणि भाषिक बहुसंख्या पाहावी, हे पाटसकर सूत्र बेळगावच्या आपल्या बांधवांना तोंडपाठ आहे. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद सोडवण्यासाठी हरि विनायक पाटसकर यांची १९५७ मध्ये मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली, त्या कामातून हे सूत्र आले. त्यावर आधारलेला सीमाबदलाचा कायदा १९५९ मध्ये संमत झाला. बेळगावसाठीही तेच सूत्र लावा, ही महाराष्ट्राची मागणी तेव्हापासूनची आहे.

पण याच पाटसकरांनी त्याआधी संसदेत जे काम केले, त्याचा उल्लेख आपल्या सभांत क्वचितच होतो. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. त्यांच्या त्या आधीच्या कामाचा संबंध मात्र आपल्या प्रत्येकाच्या घराशी, वाड्याशी आणि घरातल्या लेकीशी आहे. म्हणून आज अभ्यासगटातर्फे आम्ही हा विषय आपल्यापुढे ठेवत आहोत.

सुरुवात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपासून करावी लागते. आपल्या इंदूरपासून हाकेच्या अंतरावर, महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१३ मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. हे आपण अभिमानाने सांगतो. पण बडोद्याने आणखीही एक गोष्ट केली होती. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा त्या संस्थानात १९०४ मध्ये झाला आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा १९३१ मध्ये. ब्रिटिश मुलखात, मुंबई प्रांतात, द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आणि घटस्फोटाचा १९४७ मध्ये आला. म्हणजे ज्या सुधारणांना पुढे दिल्लीत 'धर्म बुडाला' म्हणून विरोध झाला, त्यांतल्या काही मराठी राजाच्या राज्यात दोन दशके आधी चालू होत्या, आणि तिथे धर्म काही बुडाला नव्हता.

सर्व देशासाठी एकच हिंदू कायदा असावा म्हणून सर बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली १९४१ मध्ये समिती नेमली गेली. १९४४ मध्ये ती पुन्हा कामाला लागली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे ज. र. घारपुरे तिचे एक सभासद होते. समितीच्या मसुद्यावरून तयार झालेले विधेयक एप्रिल १९४७ मध्ये मांडले गेले. स्वातंत्र्यानंतर विधिमंत्री म्हणून ते पुढे नेण्याची जबाबदारी आंबेडकरांवर आली. ९ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी ते प्रवर समितीकडे पाठवले. मूळ मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा होता, तो प्रवर समितीने मुलाच्या बरोबरीचा केला. जन्माने मिळणारा मुलांचा सामाईक हक्क काढून टाकावा, हेही त्या विधेयकात होते. एकपत्नीत्व, घटस्फोट, दत्तकविधान आणि वारसा हे सगळे एकाच संहितेत आणलेले होते.

विरोध कोणी केला हे आता लपवण्यासारखे नाही. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांचा विरोध होता. १५ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधानांना तसे पत्रही लिहिले. सत्ताधारी पक्षातलेच अनेक ज्येष्ठ नाराज होते. त्यांचा एक मुद्दा विचारात घेण्यासारखा होता. ती संसद प्रौढ मतदानाने निवडून आलेली नव्हती. एवढा मोठा बदल करण्यापूर्वी लोकांचा कौल घ्या, असे ते म्हणत. बाकीचे मुद्दे मात्र मालमत्तेभोवतीच फिरत होते. शास्त्राचे नाव घेतले जाई, पण काळजी जमिनीच्या तुकड्यांची आणि जावयाच्या शिरकावाची असे. दुसऱ्या बाजूला दुर्गाबाई देशमुख, रेणुका राय, आणि पुढे बडोदा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झालेल्या हंसा मेहता या सभागृहात सुधारणेच्या बाजूने उभ्या राहिल्या.

१९५१ साली आंबेडकरांची प्रकृती ढासळत होती. १० ऑगस्टला त्यांनी पंतप्रधानांना लिहिले की हे विधेयक लवकर घ्यावे, म्हणजे ते पुरे करून उपचारांकडे वळता येईल. सप्टेंबरात चर्चा सुरू झाली. सगळी संहिता नाही तर निदान विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी संमत करावा, असे ठरले. तेही झाले नाही. चार कलमे संमत झाली आणि काम थांबवण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या निवेदनात कारणे अनेक आहेत, पण त्यांत हे कारण ठळक आहे. स्त्री-पुरुषांमधली आणि वर्गावर्गांमधली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत राहणे म्हणजे राज्यघटनेची थट्टा होय, असा त्यांचा आशय होता. सत्ताधारी पक्षाने सभासदांवर आदेश काढला नाही, ही त्यांची तक्रारही त्यात आहे.

बंधु-भगिनींनो, विधिमंत्री कितीही विद्वान असला तरी विधेयक विद्वत्तेवर संमत होत नाही. त्याच्यामागे पक्ष लागतो, सभागृहाचा वेळ लागतो आणि मतदारांचा कौल लागतो. आंबेडकरांना यातले एकही पुरेसे मिळाले नाही.

मग पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. पंडित नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी उभे राहिले, ते मुख्यतः हिंदू संहितेच्या विरोधासाठी. नेहरू निवडून आले, देशात त्यांच्या पक्षाला बहुमत मिळाले, आणि 'लोकांना विचारा' या मुद्द्याला उत्तर मिळाले. आता पद्धत बदलली. एका मोठ्या संहितेऐवजी तिचे भाग करून वेगवेगळी विधेयके आणायची, असे ठरले. विधिमंत्री चारुचंद्र बिस्वास होते. पण विधी खात्याचे मंत्री म्हणून सभागृहात ही विधेयके चालवण्याचे मुख्य काम आले पाटसकरांकडे.

पाटसकर मूळचे इंदापूरचे. वकिली केली चाळीसगावला, लोकसभेत आले जळगावहून. घटना समितीतही ते होते. मोफसल कोर्टातल्या वकिलाला वाटणीचे दावे काय असतात, भावाभावांत आणि विधवा भावजयीशी काय चालते, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

विवाहाचे आणि वारशाचे विधेयक आधी राज्यसभेत मांडले गेले, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने पाहिले, मग कलमवार चर्चा झाली. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये झाला. हिंदू वारसा कायदा जून १९५६ मध्ये, अज्ञानत्व व पालकत्वाचा ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि दत्तक व पोटगीचा २१ डिसेंबर १९५६ रोजी. आंबेडकर तेव्हा राज्यसभेचे सभासद होते. त्यांचे निधन ६ डिसेंबरला झाले. चारांपैकी तीन कायदे त्यांच्या हयातीत झाले, चौथा त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांनी.

या कायद्यांनी काय दिले? बहुपत्नीत्व संपले. घटस्फोटाचा मार्ग देशभर खुला झाला. विधवेला पूर्वी मालमत्ता मिळे ती हयातीपुरती. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या १९३७ च्या कायद्यानेही तेवढेच दिले होते. १९५६ च्या चौदाव्या कलमाने ती मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. आपल्या किती आज्या-पणज्या या एका कलमामुळे दिराच्या दयेवर जगण्यातून सुटल्या, याचा हिशेब कुठे मांडलेला नाही.

आणि काय राहिले? विधेयक पार पडावे म्हणून जी तडजोड झाली, त्यात वडिलार्जित मिळकतीवरचा मुलांचा जन्मसिद्ध हक्क तसाच राहिला. मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत बरोबरीचा वाटा मिळाला, पण वडिलार्जित मिळकतीत वडिलांच्या वाट्यातलाच वाटा मिळाला. शिवाय वडिलांना तो वाटा मृत्युपत्राने दुसऱ्याला देण्याची मुभा मिळाली. राहत्या घराची वाटणी भाऊ करतील तेव्हाच बहिणीने मागायची, असेही तेविसाव्या कलमात होते.

उदाहरण घेऊ. आपण नर्मदेपार आलो, गुजरातेत गेलो, हैदराबादेत स्थिरावलो, तरी कायद्याचे गृहीतक असे की स्थलांतर केलेले कुटुंब आपल्या मूळ प्रांताचा वारसाकायदा बरोबर नेते. आपल्या परंपरेत बाप-लेकांच्या वाटणीत आईलाही वाटा आहे. समजा, वडिलार्जित मिळकत नऊ लाखांची आहे. घरात वडील, आई, एक मुलगा, एक मुलगी. वडील १९७० साली मृत्युपत्र न करता वारले. प्रथम वडील, आई आणि मुलगा यांचे तीन-तीन लाख धरायचे. मग वडिलांच्या तीन लाखांचे आई, मुलगा, मुलगी यांच्यात तीन भाग. आईला चार लाख, मुलाला चार लाख, मुलीला एक लाख. एकाच आईबापांची दोन लेकरे, एकाला चार आणि दुसरीला एक.

हे दुरुस्त व्हायला ४९ वर्षे लागली. काही राज्यांनी आधी पाऊल उचलले. आंध्र प्रदेशाने १९८० च्या दशकात, आणि महाराष्ट्र व कर्नाटकाने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना मुलाबरोबर हक्क दिला. म्हणजे बेळगावच्या मुलीला १९९४ साली जे मिळाले, ते इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या मुलीला मिळाले नाही. मध्य प्रदेश आणि गुजरात यांनी तसा कायदा केला नव्हता. गोव्यात तर चित्र पूर्ण वेगळे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगा-मुलगी दोघांचा वारसा सारखाच धरला होता आणि पुढे २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही ते तत्त्व राहिले.

अखेर विधिमंत्री हंसराज भारद्वाज यांच्या काळात दुरुस्ती विधेयक आले. ते २० डिसेंबर २००४ रोजी राज्यसभेत मांडले गेले आणि ९ सप्टेंबर २००५ पासून कायदा अमलात आला. विवाहित असो वा अविवाहित, मुलगी जन्मानेच मुलाइतकी हक्कदार झाली. राहत्या घराचे ते तेविसावे कलमही गेले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असे नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल, तर ती उकलता येत नाही. वरच्या उदाहरणात नव्या कायद्याने आई, मुलगा, मुलगी प्रत्येकी तीन लाख. नऊ लाखांचे तेच, फक्त हिशेब सरळ झाला.

आंबेडकरांचे सबंध विधेयक बरोबर की पाटसकरांची तुकड्यांची पद्धत बरोबर, असा प्रश्न अभ्यासगटात निघाला. आमचे मत असे. तुकडे केले नसते तर १९५६ मध्ये चौदावे कलमही हाती आले नसते. पण जो भाग सोडून दिला, त्याची किंमत दोन पिढ्यांच्या मुलींनी भरली. म्हणून तडजोडीचे श्रेय देताना तिची थकबाकीही खतावणीत लिहावी. पाटसकर १९५७ ते १९६५ आपल्या मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते. त्यांच्या नावाने सीमेचे सूत्र सांगणाऱ्या आपण त्यांचा कायदा घरात पाळतो का, हेही विचारायला हवे.

कारण कायदा झाला तरी आपल्याकडे हक्कसोडपत्र आहे. भाऊबीजेला ओवाळणीत साडी, आणि दिवाळीनंतर 'एवढी सही कर' म्हणून कागद. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर कायद्याची हरकत नाही. पण राजीखुशी म्हणजे आपला वाटा किती, त्याची किंमत किती, हे माहीत असून केलेली सही. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे. आपण परप्रांतात भाषेच्या हक्कासाठी अर्ज-विनंत्या करतो, शाळांसाठी भांडतो. न्याय मागणाऱ्याने तो घरातही द्यावा लागतो.

म्हणून सभेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, कोणत्याही सभासद कुटुंबात हक्कसोडपत्र करण्यापूर्वी बहिणीला तिच्या वाट्याचा लेखी हिशेब द्यावा, आणि तिने स्वतःचा वकील विचारावा. दोन, वडिलांच्या मृत्यूनंतर वारसनोंद करताना, मग ती महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर असो की इथल्या खसऱ्यावर, मुलींची नावे वगळू नयेत. तीन, मंडळातील वकील सभासदांनी महिन्यातून एक संध्याकाळ विनामूल्य सल्ल्यासाठी द्यावी. दोघांनी होकार कळवला आहे, आणखी हवेत.

या सूचना ठरावाच्या रूपात मांडाव्यात की नाही, हे सभेने ठरवावे. विरोध असेल तर तोही उभे राहून सांगावा. पंचाहत्तर वर्षांपूर्वी दिल्लीत तो झाला होता, आणि उत्तर सभागृहातच दिले गेले होते.