हवेची पकड

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतलें सागाचें लाकूड सर्वत्र विख्यात आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांकरितां तें २०२३ सालीं येथूनच रवाना झालें. अशा लाकडावर संगणकचलित यंत्र नक्षी कोरीत असतां फळी केसभर सरकली, तर कित्येक वर्षांची वाढ क्षणांत वायां जाते. शिकंजे लावावेत, तर ते पात्याच्या वाटेंत येतात.

यावर उपाय हवेचाच. दर चौरस सेंटिमीटरावर हवेचा भार सुमारें एक किलो असतो. फळीखालची हवा ओढून घेतली, कीं वरची हवा तिला दाबून धरते. असें मेज घरींही करतां येतें. जाड तक्त्यावर चरांचें जाळें कोरून त्यास हवा ओढणारें यंत्र जोडावें. वर एम्.डी.एफ्.चा तक्ता ठेवावा. हवा आरपार जावी म्हणून त्याचे दोन्ही पृष्ठभाग तासावे आणि कडा रोगणानें बंद कराव्या.

वातावरणाच्या पंचमांशाइतका जरी दाब मिळाला, तरी तीस सेंटिमीटर चौरस फळीवर सुमारें १८० किलोंचा भार पडतो. पांच सेंटिमीटर चौरस तुकड्यावर मात्र अवघा पांच किलोंचा! म्हणून लहान तुकडा मोठ्या फळींतून अगदीं शेवटीं सोडवावा. फळीची खालची बाजू आधीं रंधून सपाट करावी आणि मेजाचा उघडा भाग झांकावा. यंत्राच्या दुर्बलतेपेक्षां हवेची गळतीच अधिक घातक होय.