वेष्टनावरचं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, गाणं ही कानाची गोष्ट खरी. पण आपण ते डोळ्यांनीही ऐकत आलो आहोत. सिनेमाचं गाणं आठवलं की पाठोपाठ पोस्टरवरचा चेहरा आठवतो. या चेहऱ्यामागे काही नावं दिसली, काही झाकली गेली. आज त्याविषयी बोलायचं आहे.

तव्यांच्या काळी कागदी पाकिटाला मधोमध गोल भोक असे. त्यातून तबकडीवरचा मजकूर वाचता येई. १९४९ साली ‘महल’ आला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. ते तर मधुबालानं केलेल्या भूमिकेचं नाव! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव घरोघर पोहोचलं. पडद्यावरच्या रूपानं झाकलेलं नाव रेडिओनं उघडं केलं.

पुढे बारा इंची लाँगप्ले आली आणि चित्राला ऐसपैस जागा मिळाली. पोस्टरवरचीच चित्रं वेष्टनावर येऊ लागली. ‘दीवार’चं पोस्टर रंगवणारे दिवाकर करकरे किती जणांना ठाऊक आहेत? पंढरपुरात जन्मलेले हुसेनसाहेबही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. तेव्हा रस्त्यावरची माणसं नटाचा चेहरा पाहत. हात कुणाचा, हे कोण विचारणार?

गीतकाराची गतही तीच. आकाशवाणीनं गायक-संगीतकारांबरोबर गीतकाराचंही नाव सांगावं, यासाठी साहिर लुधियानवींना आग्रह धरावा लागला. पण थिएटरबाहेर मिळणारी गाण्यांची चोपडी मात्र उदार होती. वर पोस्टरचं चित्र, आत शब्द आणि गीतकाराचं नाव. आमच्या जालना, अंबड, परतूरकडे ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नसत, तोही चोपडी घेई. कविता लिहिणाऱ्या माणसाचं नाव बाजारात विकलं जातं, हे माझ्यासारख्या पुष्कळांना तिनंच दाखवलं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघरी गेली. गाणं स्वस्त झालं, ही मोठीच गोष्ट. पण वेष्टन तळहाताएवढं उरलं आणि गीतकार मुंगीच्या अक्षरात गेला. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डावर शेकडो गाणी भरून मिळू लागली. तिथं ना चित्र, ना नाव. आज फोनवर चौकोनी चित्र परतलं आहे, पण गीतकार शोधायला बहुधा आणखी एक-दोन ठिकाणी बोट लावावं लागतं.

कुणी म्हणेल, गाणं आवडलं, पुरे झालं. नावाचा एवढा सोस कशाला? श्रोतेहो, नावाला मोल आहे. २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला आणि गाण्याच्या कमाईतला गीतकार-संगीतकारांचा वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. पण वाटा मागायचा तर गाणं कुणाचं, याची नोंद हवी. सातबाऱ्यावर नाव नसेल तर शेत कसणाऱ्याचे काय हाल होतात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

म्हणून एकच विनंती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मंडपात, ऑर्केस्ट्रात गाण्याआधी सिनेमाचं आणि नटाचं नाव जरूर घ्या. त्याच श्वासात लिहिणाऱ्याचंही घ्या. त्याला जागा फारशी लागत नाही.