संगणक खोलीतला दुसरा पडदा

(१९९८च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या आधी बोललेल्यांनी आठवणी सांगून हसवलं, थोडं रडवलंही. मला मात्र संयोजकांनी विषय बांधून दिला : 'आपल्या तुकडीने शाळेला दिलेली संगणक खोली'. त्यांची अपेक्षा अशी की मी आकडे सांगावेत, टाळ्या घ्याव्यात आणि खाली बसावं. आकडे सांगतो. दहा संगणक, वीस मॉनिटर, एक प्रोजेक्टर. टाळ्या मात्र जरा थांबवा. कारण ते सगळं दिल्यानंतर काय झालं, हे मला सांगायचं आहे.

ही यंत्रं गेल्या वर्षी जूनमध्ये आली. एका कार्यालयात नवी यंत्रं घेतली, जुनी आपल्याला मिळाली. मॉनिटर दोन प्रकारचे होते. अर्धे रुंद, १६०० बाय ९०० ठिपक्यांचे. अर्धे चौकोनी, १२८० बाय १०२४चे. जुन्या यंत्रांवर चालेल आणि परवान्याचे पैसे लागणार नाहीत म्हणून मी त्यांच्यावर लिनक्स मिंट टाकलं. लिनक्सची पहिली घोषणा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१मध्ये केली. तेव्हा आपण चौथीत होतो. आज त्याचं काम कुणीही फुकट घेऊ शकतो, उघडून बघू शकतो, बदलू शकतो. शाळेसाठी याहून चांगलं काय?

प्रत्येक मुलापुढे दोन पडदे असावेत ही कल्पना माझीच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे आहेत. ते शिकायची पद्धत अशी, की एकीकडे धडा चालू ठेवायचा, दुसरीकडे तेच स्वतः करून बघायचं. एका लहान पडद्यावर दोन खिडक्या बसवताना फार ओढाताण होते. दोन पडदे असले की डावीकडे धडा, उजवीकडे वही. नऊ संगणकांना दोन-दोन मॉनिटर, बाईंच्या टेबलावर एक मॉनिटर आणि भिंतीवर प्रोजेक्टर, एक मॉनिटर शिल्लक. हिशेब एकदम चोख.

आणि मग मी घाई केली. शनिवार-रविवार दोनच दिवस हातात होते, रविवारी संध्याकाळची गाडी होती. दोन पडदे जोडले की ते कसे वापरायचे हे संगणकाला सांगावं लागतं. मी सगळीकडे सोपा पर्याय निवडला : दोन्ही पडद्यांवर एकच चित्र. त्याला मिरर म्हणतात, आरशासारखं. कुणाला काही शिकवायला नको, कुणी काही विचारायला नको. फीत कापली, फोटो काढले, आपल्या ग्रुपवर टाकले. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले.

आरशात अडचण अशी की दोन्ही पडद्यांना चालेल असाच एक आकार घ्यावा लागतो. रुंद आणि चौकोनी यांचं जमेना. एकावर अक्षरं ताणलेली, दुसऱ्यावर धूसर. मुलांच्या दृष्टीने दुसरा पडदा बिनकामाचाच, तिथेही तेच दिसतंय. बाईंनी वीज वाचवायला ते नऊ मॉनिटर बंद केले. दिवाळीपर्यंत शिपाईमामांनी त्यांच्यावर फडकी टाकून ठेवली होती. मला याचा पत्ताच नव्हता.

दिवाळीनंतर सहलीचे पैसे गोळा होत होते. तास चालू असताना कार्यालयातून निरोप आला, म्हणून बाईंनी आपल्या संगणकावर यादी उघडली. पैसे न भरलेल्यांची यादी. बाईंच्या पडद्यावर जे, तेच भिंतीवर, सहा फूट रुंद. बाईंची पाठ भिंतीकडे होती. वर्गात कुजबुज झाली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. तोपर्यंत सगळ्यांनी वाचलं होतं. यादीतला एक मुलगा त्यानंतर आठ दिवस संगणकाच्या तासाला आलाच नाही. वाचनालयात जाऊन बसायचा.

बाईंनी ते मनाला लावून घेतलं. गणिताच्या सरांनी मला फोन केला. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, उत्तर बरोबर आलं म्हणून तू पायऱ्या खाल्ल्यास. पुन्हा ये आणि पायऱ्या लिही."

जानेवारीत मी तीन दिवस रजा टाकून आलो. या वेळी एकटा बसलो नाही. बाई, शिपाईमामा आणि नववीतली चार मुलं असे आम्ही सात जण बसलो. आता जे सांगतो ते मागच्या बाकांवरच्या मंडळींसाठी. तुम्हालाच ती खोली चालवायची आहे.

पहिली गोष्ट. दोन पडदे जोडले की संगणकाच्या मनात दोन फळे नसतात, एकच लांब फळा असतो. मॉनिटर म्हणजे त्या फळ्याकडे उघडणाऱ्या खिडक्या. १६००चा रुंद पडदा डावीकडे, १२८०चा चौकोनी उजवीकडे ठेवला, की फळा झाला २८८० ठिपके रुंद. पण तुमच्या टेबलावर कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे हे संगणकाला दिसत नाही. ते आपण सांगायचं. सेटिंगमध्ये 'डिस्प्ले' उघडलं की दोन चौकोन दिसतात. टेबलावर जसे मॉनिटर आहेत तसे ते चौकोन माऊसने धरून सरकवायचे. उलटे ठेवले तर माऊस उजवीकडे नेताच अडतो आणि डावीकडून दुसऱ्या पडद्यावर निघतो. मुलं म्हणाली, "काका, उंदीर पळाला!" बघितलं तर चौकोन उलटे होते.

एक बारकी गंमतही मुलांनीच शोधली. एक पडदा ९०० उंच, दुसरा १०२४. वरच्या कडा जुळवल्या तर चौकोनी पडद्याच्या तळाला १२४ ठिपक्यांची पट्टी उरते आणि तिथून माऊस शेजारी जात नाही. तिथे भिंत आहे, दार नाही. संगणक बिघडलाय असं वाटतं, पण तो बिघडलेला नसतो. शेजारीच जागा नाही, तर तो जाईल कुठे?

दुसरी गोष्ट, मुख्य पडदा कोणता ते सांगायचं. खालची पट्टी आणि मेनू तिथे येतात. बाईंच्या संगणकाचा मुख्य पडदा बाईंचा. प्रोजेक्टर शेजारचा, वाढवलेला. आता भिंतीवर काय जाईल ते बाई ठरवतात. लिब्रे ऑफिसमध्ये सादरीकरण लावलं की भिंतीवर नुसती स्लाइड दिसते आणि बाईंना स्वतःच्या पडद्यावर पुढची स्लाइड आणि त्यांची टिपणं दिसतात. ही सोय त्या संगणकात जूनपासून होती. माझ्या आरशाने ती झाकून टाकली होती.

तिसरी गोष्ट घडली दुसऱ्या दिवशी. दोन रुंद मॉनिटर काही केल्या १०२४ बाय ७६८च्या वर जाईनात. मी प्रोग्रॅम तपासले, चालक तपासले, दोन तास घालवले. एक मुलगी शांतपणे बघत होती. म्हणाली, "काका, घरी दिवा लागला नाही तर आम्ही आधी बल्ब बदलून बघतो. वायर बदलून बघू का?" शेजारच्या चांगल्या संगणकाची निळ्या तोंडाची वायर लावली आणि पडदा लख्ख झाला. आधीची वायर शेजारी लावली, तर तिथला चांगला पडदा धूसर. दोष वायरीबरोबर फिरत होता.

कारण असं, की मॉनिटर आपली माहिती संगणकाला स्वतः सांगतो. माझा बनवणारा कोण, माझी मापं कोणती, एका सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो. ही ओळख १२८ बाइटची असते, तिला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीए वायरीच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून ती जाते. स्वस्त वायरीत कधी कधी या पिना जोडलेल्याच नसतात. चित्र जातं, ओळख जात नाही. मग संगणक अंदाजाने लहान आकार धरून बसतो.

एका वायरीच्या जागी शिल्लक मॉनिटरची वायर लागली. दुसरी वायर त्या दिवशी मिळाली नाही. तिथे आम्ही हाताने माप सांगितलं. 'सीव्हीटी' ही आज्ञा हव्या त्या आकाराचं गणित करून देते आणि 'एक्सरँडआर' ही आज्ञा ते पडद्याला लावते. पण संगणक बंद केला की हे विसरलं जातं, म्हणून ते सुरुवातीच्या कामांच्या यादीत टाकावं लागलं. आपण बालवाडीत होतो तेव्हा, १९८७ साली, अमेरिकेतल्या एमआयटीत जी एक्स११ नावाची पद्धत आली, तिचीच ही आज्ञा. चालू संगणकाला दुसरा पडदा लावून तिथल्या तिथे मांडणी बदलायची सोय तिच्यात २००७मध्ये नीट आली. त्याआधी एका फाइलमध्ये आकडे लिहायचे आणि पुन्हा सुरू करून देवाचं नाव घ्यायचं. मी ते केलंय. आकडा चुकला तर जुना काचेचा मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा तेव्हाच्या माहितीपत्रकांत असायचा. उबुंटू, फेडोरा यांच्या नव्या आवृत्त्यांत आता वेलँड नावाची नवी पद्धत आहे. एक पडदा बारीक ठिपक्यांचा आणि दुसरा जाड ठिपक्यांचा असेल, तर दोन्हींवर अक्षरं सारखी मोठी दिसावीत अशी वेगळी मापं तिच्यात देता येतात. घरी नवा लॅपटॉप आणि जुना मॉनिटर जोडणाऱ्यांनी ती वापरून पाहावी.

चौथी गोष्ट शिपाईमामांनी दाखवली. केर काढताना वायरी निघाल्या तर ते परत लावत, पण जागा बदलायची. लावलेली मांडणी कोणता मॉनिटर कोणत्या सॉकेटमध्ये आहे त्यावरून लक्षात ठेवली जाते. सॉकेट बदललं की संगणकाला पाहुणा नवा वाटतो आणि मांडणी पुन्हा सांगावी लागते. मामा म्हणाले, "मग वायरीला आणि भोकाला एकाच रंगाची चिकटपट्टी लावू." लाल तिथे लाल, पिवळी तिथे पिवळी. इतकी वर्षं या क्षेत्रात काम करून मला ते सुचलं नव्हतं. आणखी एक : मांडणी त्या त्या खात्यापुरती असते. बाईंच्या खात्यात लावली म्हणजे विद्यार्थ्यांच्या खात्यात लागली असं होत नाही. दोन्हीकडे लावायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही वही केली. शंभर पानी, खाकी कव्हरची. वायर बदलायला सुचवणाऱ्या मुलीचं अक्षर चांगलं, म्हणून तिने लिहिली. प्रत्येक संगणकाला एक पान : कोणता मॉनिटर डावीकडे, कोणता उजवीकडे, आकार, वायरीचा रंग. शेवटच्या पानावर, 'पडदा धूसर असेल तर आधी वायर बदलून बघा.' आणि पहिल्या पानावर बाईंनी स्वतः लिहिलं, 'कोणतीही यादी उघडण्याआधी भिंतीकडे वळून बघा.'

आज सकाळी मी खोलीत जाऊन आलो. अठरा मॉनिटर चालू होते, फडकी पुसायला वापरतात. वहीत माझ्यानंतर अकरा नोंदी झाल्या आहेत. त्यातल्या दोन मला कळल्या नाहीत, त्या एका सातवीतल्या मुलाने मला समजावून सांगितल्या.

मित्रहो, आपण गेल्या वर्षी शाळेला वस्तू दिल्या आणि त्याच रात्री आपापल्या गावी गेलो. सगळ्यात आधी मी गेलो. सॉफ्टवेअर मोफत होतं म्हणून मी ते शिकवणंही सोडून दिलं, आणि त्याची किंमत एका मुलाने आणि बाईंनी मोजली. म्हणून आजच्या सभेपुढे माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या निधीच्या कागदावर रकमेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा : दिवस. कुणी विजेचं काम जाणतो, कुणी हिशेब, कुणी बाग. वर्षाला दोन दिवस शाळेला द्या आणि जाताना वहीत लिहून जा. माझे जानेवारीतले दोन दिवस आजच लिहून घ्या.

राहिला तो मुलगा. तो परत तासाला येऊ लागला, एवढं सांगतो. तो कोण, कोणत्या वर्गातला, आज या सभागृहात आहे की नाही, हे मी सांगणार नाही. एकदा मी ते भिंतीवर जाऊ दिलं, तेवढं पुरे.

आता टाळ्या वाजवायच्या असतील तर बाईंसाठी, मामांसाठी आणि त्या वहीसाठी वाजवा.