आई नावाचा ढोल



आज मी क्यूबाच्या आमेलिया पेद्रोसोविषयी बोलणार आहे. ती सांतेरिया धर्माची पुजारीण आणि गायिका. गुलाम करून आणलेल्या योरुबा लोकांनी आपली दैवतं आणि ‘बाता’ नावाचे ढोल क्यूबात जिवंत ठेवले. बाता तीन असतात. सर्वांत मोठ्याचं नाव ‘इया’, म्हणजे आई. पण विधी करून पवित्र केलेल्या बाताला बाईने हात लावायचा नाही. कारण सांगतात पाळीचं. विटाळ म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको!

पूजेत आमेलिया मुख्य गायिका असे. गळ्याला मान, हातांना मनाई. तिने ‘इब्बू ओकुन’ हा बायकांचा गट बांधला. पवित्र न केलेले बाता त्या वाजवू लागल्या. बायकांनी बाता वाजवण्याला विरोध होताच. तरी तिने परदेशी बायकांनाही शिकवलं. २००० साली ती गेली.

श्रद्धा न सोडता बंदीला धक्का देणं ही तडजोड की लढा? मी स्वतः देवधर्म सोडलेली बाई. पण वस्तीतल्या श्रद्धाळू मैत्रिणीशी बोलताना मला आमेलिया आठवते. तिला आपण आधी देव सोडायला सांगणार, की तिच्याबरोबर ढोलाला हात घालणार?