पाण्याला पैसे कशाला?

श्रोतेहो, मीं आयुष्यभर मुलांना शास्त्र विषय शिकविला. आज मात्र माझ्याच एका चुकीचा धडा आपणांपुढें वाचावयाचा आहे.

माझ्या पुतण्याची एक जुनी पिकअप मोटार आहे. भाजीपाला वाहून तो आपला संसार चालवितो. रेडिएटरमध्यें घालावयाचें कूलंट महाग, म्हणून त्यानें एकदां माझा सल्ला विचारला. "पाण्याला पैसे कशाला? विहिरीचें पाणी काय वाईट?" असें मीं गुरुजींच्या थाटांत उत्तर दिलें. त्यानें तें प्रमाण मानलें आणि पुढें पांच वर्षें विहिरीचेंच पाणी वापरलें.

सन २०१९ च्या मे महिन्यांत गांवच्या वाचनालयासाठीं पुस्तकांचीं दोन कपाटें घेऊन आम्ही पुण्याहून साताऱ्याकडे निघालों. खंबाटकीचा घाट चढतांना इंजिन तापल्याचा कांटा वर सरकला आणि वाफेचा लोट उठला. मोटार थांबतांच मी उतरलों. रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोंच पुतण्या ओरडला, "काका, हात काढा!"

जें मीं दरवर्षीं फळ्यावर लिहिलें, तेंच मी विसरलों होतों. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळतें. पण एका वातावरणाइतका जादा दाब असल्यास तें सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. टोपण उघडतांच दाब जातो आणि तापलेलें पाणी वाफेसह उघडणाऱ्याच्या तोंडावर उसळतें. इंजिन पुरतें निवेपर्यंत टोपणास हात लावूं नये.

मोटार ओढून कारखान्यांत नेली. इंजिनावर थर्मोस्टॅटचें ॲल्युमिनियमचें घर असतें. त्याला रबरी नळी जोडण्याकरितां पोलादाचें एक लहान तोंड आट्यांवर बसविलें होतें. कारागीर त्यास निपल म्हणतात. तें गंजून मुळापाशींच मोडलें होतें आणि त्याचा अर्धा भाग आंतच अडकून राहिला होता. निपलाची किंमत अल्प. परंतु जुन्या मोटारीचें तें घर बाजारांत मिळत नव्हतें. जबरदस्ती केली असती, तर त्याचे मऊ आटे फाटले असते.

कारागीर तरुण होता, पण घाई त्याच्या अंगीं नव्हती. उरलेलें पाणी काढून त्यानें तें घर सोडविलें आणि इंजिनाच्या उघड्या तोंडांत स्वच्छ फडकें कोंबलें, म्हणजे आंत कचरा जाणार नाहीं. आंतील थर्मोस्टॅट काढून घर हळूहळू तापविलें. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. त्यामुळें पकड सैल झाली. मग उलट्या आट्यांचें एक निमुळतें हत्यार तुकड्यांत ठोकून त्यानें तें उलट फिरविलें, आणि तुकडा अलगद बाहेर आला. आटे साफ करून नवें निपल त्यानें प्रथम हातानेंच बसविलें. पाना नंतर, आणि तोही बेतानेंच.

"गुरुजी, पाणी कोणतें घालीत होतां?" त्यानें विचारलें. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें आणि तो गप्प राहिला. मीं सांगितलें, "दोष त्याचा नाहीं, माझा आहे."

श्रोतेहो, कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. क्षारयुक्त पाण्यांत दोन भिन्न धातू एकमेकांस चिकटून राहिले कीं तेथें जणूं एक लहान विद्युत्घट तयार होतो आणि धातू झिजूं लागतो. ही झीज रोखणारीं द्रव्यें कूलंटमध्यें असतात. शिवाय त्यामुळें पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. तें सांगितलेल्या प्रमाणांतच ऊर्ध्वपातित पाण्यांत मिसळावें. मात्र त्यांतील ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असतें. मुलांच्या व जनावरांच्या वाटेंत तें सांडूं देऊं नये.

नवें गॅस्केट लावून घर परत बसविलें. कूलंट भरल्यावर टोपण उघडें ठेवूनच थंड इंजिन सुरू केलें, म्हणजे आंतली हवा बुडबुड्यांवाटे निघून जाते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, इंजिन थंड असतां, पातळी पुन्हां पाहिली. कोठेंही गळती नव्हती.

पुतण्याचे बाजाराचे दोन दिवस बुडाले. कारागिराची मजुरी मीं दिली. पण त्या दोन दिवसांचे पैसे तो घेईना. कपाटें पोहोंचलीं, पुस्तकें लागलीं. जें आपणांस नीट ठाऊक नाहीं, तें अधिकारवाणीनें सांगूं नये, हा धडा मात्र मला साठीनंतर मिळाला. तो आपणांस त्याआधींच मिळावा, एवढ्यासाठीं हें सांगितलें. आतां आपली रजा घेतों.