तोफगोळ्याची वाट

प्रक्षेपित वस्तूच्या गतीचे उदाहरण सोडविताना आरंभीच वेगाचे क्षितिजसमांतर आणि ऊर्ध्व असे दोन घटक पाडावेत. पैकी पहिला कायम राहतो, दुसऱ्यावरच गुरुत्वाकर्षणाचा अंमल चालतो, आणि म्हणून सेकंदाला २० मीटर वेगाने ३० अंशांच्या कोनात फेकलेला चेंडू, गुरुत्वत्वरण १० मानल्यास, २ सेकंदांत सुमारे ३५ मीटर दूर पडतो. या हिशेबात हवेला मात्र मज्जाव! इंग्लंडातील बाथ शहरी १७०७ साली जन्मलेल्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ च्या आपल्या तोफविद्येवरील ग्रंथात दाखविले की, निर्वात अवकाशात १६ मैल जाऊ शकणारा २४ पौंडी गोळा प्रत्यक्षात ३ मैलही गाठत नाही. पुढे कंपनी सरकारच्या चाकरीत किल्ल्यांच्या बंदोबस्तासाठी हिंदुस्थानात आलेला हा गणिती १७५१ साली कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे निवर्तला.