अख्खा हिशेब कोण दाखवतो?
(भोकरदन येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

सीए होण्याच्या वाटेवर परीक्षा आणि उमेदवारी या दोन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. बारावीनंतर फाउंडेशन, त्यानंतर इंटरमिजिएट, आणि इंटरचे दोन्ही ग्रुप सुटले की आर्टिकलशिप म्हणजे उमेदवारी, असा सध्याचा क्रम आहे. 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिपची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. ती पूर्ण झाल्यावर सहा महिने अभ्यासासाठी मिळतात आणि मग फायनलची परीक्षा देता येते. या दोन वर्षांत विद्यार्थी ज्या सनदी लेखापालाच्या हाताखाली असतो त्याला प्रिन्सिपल म्हणतात. दोघांत करारनामा होतो, सनदी लेखापालांच्या संस्थेकडे नोंदणी होते, आणि तिथून विद्यार्थ्याचा प्रत्येक दिवस हजेरीत धरला जातो.

ही पद्धत इंग्लंडमधून आली. तिकडे उमेदवाराला पगार मिळत नसे, उलट त्याच्या घरचेच प्रिन्सिपलला रक्कम मोजत. मुंबई सरकारने 1918 मध्ये जी.डी.ए. ही हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. पदविकेबरोबर मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी केली तरच पूर्ण प्रमाणपत्र मिळत असे. 1932 च्या नियमांनी रजिस्टर्ड अकाउंटंट हा वर्ग निर्माण झाला. 1949 च्या कायद्याने इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया स्थापन झाली. तिची स्थापना 1 जुलैची, म्हणून हा दिवस सीए दिन. मुंबईचे जी. पी. कपाडिया संस्थेचे पहिले अध्यक्ष. पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे.

शिकाऊ माणसाचे नियम मात्र याहून फार जुने आहेत. नारदस्मृतीत सांगितले आहे की, कारागिराने शिष्याला आपल्या घरी ठेवून जेवू घालावे, मुलासारखे वागवावे आणि शिकण्याच्या कामाखेरीज दुसऱ्या कामाला जुंपू नये. (हशा. मागच्या बाकांवरून : ‘चहा आणायला लावू नये!’) चहाचा उल्लेख स्मृतीत नाही, पण अर्थ तोच. शिष्यावरही बंधन आहे : कला लवकर हाती आली तरी ठरलेली मुदत गुरूकडेच काढायची, आणि त्या काळातील कामाचे उत्पन्न गुरूचे. आजच्या करारनाम्याचा सांगाडा याहून फार निराळा नाही. फरक इतकाच की जेवणाच्या जागी स्टायपेंड आला. त्याची किमान रक्कम शहराच्या लोकसंख्येवर ठरते. गाव लहान तसा स्टायपेंड लहान. मोंढ्यातला हमाल त्याहून जास्त कमावतो, हे मोंढ्याला ठाऊक आहे. (हशा)

आता मोठी फर्म. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी ही चार नावे जगभर चालतात. भारतात लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही मात्र त्यांच्याशी जोडलेल्या इथल्या फर्मची असते : डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स, प्राइस वॉटरहाउस, एस. आर. बाटलीबॉय, बी. एस. आर. मुंबईची ए. एफ. फर्ग्युसन आणि एस. बी. बिलिमोरिया ही जुनी नावे पुढे डेलॉइटच्या परिवारात गेली. अशा फर्ममध्ये एका कंपनीच्या ऑडिटसाठी एक टीम असते. सही करणारा पार्टनर वर, त्याखाली मॅनेजर, त्याखाली सीनियर आणि सर्वांत खाली आर्टिकल, म्हणजे उमेदवार. काम शीर्षकांनुसार वाटले जाते. एकाकडे बँक आणि रोकड, दुसऱ्याकडे येणी, तिसऱ्याकडे साठा, चौथ्याकडे स्थिर मालमत्ता. प्रत्येक तपासणीची नोंद वर्किंग पेपरमध्ये होते, त्यावर सीनियरची रिव्ह्यू नोट येते, तिचे उत्तर लिहावे लागते आणि ते मान्य झाल्यावरच पान बंद होते.

या शिस्तीचे मोल मोठे आहे. कोणता पुरावा कुठून घेतला, नमुना म्हणून कोणती बिले निवडली आणि का निवडली, हे लिहून ठेवण्याची सवय मोठ्या फर्ममध्ये लागते तशी क्वचितच इतरत्र लागते. 31 मार्चला कारखान्याच्या गोदामात उभे राहून साठा मोजणे, बँकांकडून आणि देणेकऱ्यांकडून थेट पत्रे मागवणे, मोठ्या कंपन्यांचे लेखामानक प्रत्यक्ष वापरणे, हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही.

उणीवही याच रचनेतून येते. ज्याच्याकडे स्थिर मालमत्ता आली त्याचे महिने यंत्रांच्या यादीत आणि घसाऱ्याच्या दरांत जातात. त्या यंत्रांवर काय तयार होते, ते कोणाला विकले जाते आणि पैसा परत कधी येतो, हे त्याच्या पानावर नसते. कामाचा तुकडा त्याच्या हाती येतो, धंदा येत नाही.

समजा, भोकरदन तालुक्यातील एका जिनिंगचे ऑडिट आहे. शंभर किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, उरलेल्यात बहुतेक सरकी आणि थोडी घट. गाठ सुमारे 170 किलोची. खरेदीच्या पट्ट्यांवर हजार क्विंटल कापूस दिसत असेल, तर 34,000 किलो रुई, म्हणजे 200 गाठी दिसायला हव्यात. वहीत 170 गाठी असतील, तर 30 गाठी कुठे गेल्या, हा प्रश्न उभा राहतो. कापूस ओला होता, की हलका होता, की गाठी बिलाशिवाय गेल्या? हे उत्तर शोधताना विद्यार्थ्याच्या डोळ्यांखालून खरेदी, वजन, आडत, हमाली, वीजबिल, साठा, विक्री आणि बँक असे सगळे जाते. मोठ्या फर्ममध्ये याच तपासणीला भारदस्त इंग्रजी नाव आहे. तालुक्याच्या कार्यालयात तिला ‘उतारा बघणे’ म्हणतात. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारातही तेच : माल टिकत नाही, भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो, आणि व्यवहार समजल्याशिवाय वही तपासता येत नाही.

भोगवर्धनाचा, म्हणजे प्राचीन भोकरदनचा, इतिहास, सांचीच्या दानलेखांत आलेले त्याचे नाव, उत्खननात सापडलेली हस्तिदंती मूर्ती, हे या सभागृहाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. अख्खा हिशेब कसा दिसतो हे पाहायला नाशिकच्या पांडवलेण्यातील एका लेखाकडे मात्र वळावे लागते. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानाचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. त्यातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा कार्षापण द्यायचे. आता हिशेब : 2000 वर दरमहा 20, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. जमाखर्च बरोबर जुळतो. उरलेल्या 1000 वर वर्षाला 90, ते इतर खर्चासाठी. शिवाय हे सारे निगमसभेत ऐकवले आणि फलकावर नोंदवले, असेही लेख सांगतो. मुद्दल, दर, ठेव कोणाकडे, लाभ कोणाला, साक्ष कोणाची, नोंद कुठे : सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा अख्खा हिशेब एका भिंतीवर मावला आहे. आजच्या मोठ्या टीममध्ये तोच लेख पाच जणांत वाटला गेला असता. 2000 च्या आकड्यावर टिक करणाऱ्याला भिक्षू किती होते हे कळलेच नसते. (टाळ्या. संयोजकांची पहिली चिठ्ठी.)

(सभागृहातून : ‘म्हणजे मुलांनी मोठ्या फर्ममध्ये जाऊच नये का?’) असा निष्कर्ष यातून निघत नाही. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरचे लहान कार्यालय आपोआप चांगले ठरत नाही. तिथेही दोन वर्षे नुसती रिटर्न भरण्यात आणि जीएसटीच्या नोंदी टंकण्यात जाऊ शकतात. मुद्दा क्रमाचा आहे : अख्खा धंदा आधी, तुकडा नंतर. ज्याने एका जिनिंगचा किंवा आडत दुकानाचा हिशेब पट्टीपासून ताळेबंदापर्यंत पाहिला, तो मोठ्या कंपनीत तुकडा हाती आला तरी त्याची जागा ओळखतो. उलट क्रमाने गेलेल्याला हे नंतर शिकायला वेळ मिळत नाही. संस्थेच्या नियमावलीत सेकंडमेंटची सोय आहे. विद्यार्थ्याच्या संमतीने प्रिन्सिपल त्याला काही काळ दुसऱ्या सनदी लेखापालाकडे पाठवू शकतो. शहरातील फर्मनी या सोयीने आपल्या मुलांना कापसाच्या हंगामात तालुक्याला पाठवले, तर फायदा दोन्हीकडे होईल. तालुक्याला कामसू हात मिळेल आणि शहराला धंदा कळलेला सहायक. (दुसरी चिठ्ठी : ‘दहा मिनिटे.’)

राहिलेले मुद्दे थोडक्यात. पहिला, वेळ. आर्टिकलने आठवड्याला 35 तास काम करावे, असा संस्थेचा संकेत आहे. मोठ्या फर्ममध्ये एप्रिल आणि मे हे दोन महिने तो संकेत ताणतात, कारण शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून साठ दिवसांत द्यावे लागतात. लहान कार्यालयात तोच ताण सप्टेंबरात, टॅक्स ऑडिटच्या 30 तारखेपूर्वी येतो. 2024 मध्ये पुण्यातील एका तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर कामाच्या ताणाचा प्रश्न देशभर चर्चेत आला आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाने चौकशी हाती घेतली. नाव मोठे म्हणून तासांचा प्रश्न विचारायचा नाही, असे नाही.

दुसरा, पास झाल्यानंतरची वाट. संस्थेच्या कॅम्पसमधून मोठ्या फर्म नव्या सीएंची भरती करतात. असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर, डायरेक्टर, पार्टनर अशी शिडी असते. वर जागा कमी असल्याने बरेच जण काही वर्षांत कंपन्यांकडे, बँकांकडे किंवा स्वतःच्या प्रॅक्टिसकडे वळतात. यात अपयश नाही. फर्मची रचनाच तशी आहे.

तिसरा, पालकांसाठी. करारनाम्यावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. एखाद्या क्लायंटचे काम सुरुवातीपासून अहवालापर्यंत बघायला मिळते का? मुलाचे काम तपासून त्याला चूक समजावून सांगणारा माणूस कोण? परीक्षेसाठी सुट्टी कशी मिळते? फर्मचे नाव आणि इमारत त्यानंतर. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर देणारे कार्यालय भोकरदनला असो वा मुंबईला, उमेदवारी तिथेच करावी. (टाळ्या)